वाचकांचे प्रश्न: तैवानच्या कामगारमंत्री चेन चू

प्रश्न: फेब्रुवारी २०२४ मध्ये भारत आणि तैवान यांच्यात कामगार पाठवण्याबाबत सामंजस्य करार झाला, तेव्हापासून तिथल्या कामगार खात्याविषयी मिळेल ते वाचतो आहे. त्यात चेन चू हे नाव वारंवार येते. कुठे राजकीय कैदी म्हणून, कुठे कामगारमंत्री म्हणून, तर कुठे महापौर म्हणून. या सगळ्या एकच आहेत का? आणि त्या कामगार चळवळीतून पुढे आल्या का?

उत्तर: होय, या सर्व ठिकाणी उल्लेख असलेल्या चेन चू एकच आहेत. मात्र त्या कामगार संघटनांतून पुढे आलेल्या नाहीत, आणि ही गोष्ट आरंभीच लक्षात घेतली पाहिजे, कारण मंत्रिपदावरील त्यांचे यश आणि त्यांची मर्यादा या दोहोंचे मूळ त्यात आहे. कामगारांच्या प्रश्नाकडे त्या मानवी हक्कांच्या वाटेने आल्या.

त्यांचा जन्म १९५० मध्ये तैवानच्या ईशान्येकडील यिलान परगण्यात, सानशिंग या गावी झाला. ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण घेत असताना, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्या क्वो यू-शिन यांच्या सचिव म्हणून काम करू लागल्या. क्वो हे यिलानचेच. प्रांतिक विधानसभेत सत्ताधारी कुओमिंतांग पक्षाला उघड विरोध करण्याचे धाडस ज्या मोजक्या लोकांनी दाखवले, त्यांपैकी एक. तैवानमध्ये १९४९ पासून लष्करी कायदा लागू होता, नवा पक्ष काढण्यास बंदी होती आणि सरकारवरील टीका देशद्रोहात मोडू शकत होती. अशा काळात चेन चू यांनी राजकीय कैद्यांची माहिती देशाबाहेर पोहोचवण्याच्या कामात स्वतःला गुंतवून घेतले. जून १९७८ मध्ये त्यांना अटक झाली, परंतु परदेशातून दबाव आल्यामुळे काही दिवसांतच त्यांची सुटका करावी लागली.

खरा आघात पुढच्या वर्षी झाला. विरोधकांनी ‘फॉर्मोसा’ नावाचे मासिक सुरू केले होते आणि पक्ष काढता येत नसल्यामुळे या मासिकाच्या गावोगावच्या कचेऱ्याच पक्षशाखांसारखे काम करीत होत्या. काओशुंग या दक्षिणेकडील बंदराच्या शहरातील कचेरीच्या उपप्रमुख चेन चू होत्या. १० डिसेंबर १९७९ रोजी, मानवी हक्क दिनी, तेथे निघालेल्या मोर्चाची पोलिसांशी चकमक झाली आणि त्याचे निमित्त करून सरकारने विरोधकांची धरपकड केली. प्रमुख आठ आरोपींवर १९८० मध्ये लष्करी न्यायालयात खटला चालला. शी मिंग-ते यांना जन्मठेप, मासिकाचे प्रकाशक ह्वांग शिन-च्ये यांना चौदा वर्षे आणि चेन चू यांच्यासह उरलेल्या सहा जणांना प्रत्येकी बारा वर्षांची शिक्षा झाली. आरोप देहान्त शिक्षेस पात्र होता, त्यामुळे कोठडीत असताना चेन चू यांनी आपले मृत्युपत्रही लिहून ठेवले होते. तेव्हा त्या तीस वर्षांच्याही नव्हत्या. सहा वर्षांहून थोडा अधिक काळ तुरुंगात काढल्यावर फेब्रुवारी १९८६ मध्ये त्यांची सुटका झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पक्ष, म्हणजे डीपीपी, स्थापन झाला आणि जुलै १९८७ मध्ये लष्करी कायदा उठला.

या खटल्याचा एक धागा पुढे उपयोगी पडणारा आहे. आरोपींच्या बाजूने उभ्या राहिलेल्या तरुण वकिलांत चेन श्वे-ब्येन आणि फ्रँक शिए हे दोघे होते. चेन श्वे-ब्येन १९९४ मध्ये तैपेईच्या महापौरपदी निवडून आले, तेव्हा त्यांनी चेन चू यांना महापालिकेच्या समाजकल्याण विभागाचे प्रमुखपद दिले. पुढे शिए काओशुंगचे महापौर झाल्यावर त्यांनीही तेच खाते त्यांच्याकडे सोपवले. सन २००० मध्ये चेन श्वे-ब्येन राष्ट्राध्यक्ष झाले आणि चेन चू मंत्रिमंडळात आल्या. त्यांच्या नेमणुकांमागे ओळख होती, असे कोणी म्हटल्यास ते खरेच आहे, पण ती ओळख लष्करी न्यायालयाच्या छायेत झालेली होती. शिवाय दोन मोठ्या शहरांत वृद्ध, अपंग आणि निराधार यांचे खाते सांभाळल्यामुळे त्या मंत्रिपदावर कोऱ्या अनुभवाने आल्या नव्हत्या.

प्रश्न: त्यांना काही ठिकाणी मंत्री म्हटले आहे, तर काही ठिकाणी परिषदेच्या अध्यक्ष. नेमके पद कोणते? आणि त्या पदावर त्यांनी केले काय?

उत्तर: दोन्ही उल्लेख बरोबर आहेत. तैवानमध्ये १९८७ मध्ये कार्यकारी युआन, म्हणजे मंत्रिमंडळ, याच्या अखत्यारीत कामगार व्यवहार परिषद स्थापन झाली आणि तिच्या अध्यक्षांना मंत्र्याचा दर्जा होता. या परिषदेचे कामगार मंत्रालयात रूपांतर फेब्रुवारी २०१४ मध्ये झाले. चेन चू मे २००० पासून २००५ पर्यंत या परिषदेच्या अध्यक्ष होत्या आणि त्या पदावर आलेल्या पहिल्या महिला होत्या.

त्यांच्या कारकिर्दीचे मोजमाप करताना राजकीय परिस्थिती विसरून चालणार नाही. राष्ट्राध्यक्ष डीपीपीचे असले तरी विधिमंडळात कुओमिंतांग आणि त्याच्या मित्रपक्षांचे पारडे जड होते. कामाच्या तासांच्या बाबतीत याचा प्रत्यय लगेचच आला. आठवड्याला ४८ तासांवरून ४४ तासांवर यावे असा सरकारचा प्रस्ताव होता. विरोधकांच्या विधिमंडळाने त्याच्याही पुढे जाऊन दोन आठवड्यांना ८४ तास अशी मर्यादा मंजूर केली आणि ती जानेवारी २००१ पासून लागू झाली. कामगारांना मिळालेला हा लाभ चेन चू यांच्या खात्यावर जमा करणे योग्य होणार नाही. त्या बाबतीत त्यांचे सरकार उद्योजकांच्या विरोधाने बिचकलेले होते.

ज्या कायद्यांवर त्यांचा ठसा स्पष्ट दिसतो, त्यांत पहिला मान रोजगारातील स्त्री-पुरुष समानतेच्या कायद्याला द्यावा लागेल. त्याची पार्श्वभूमी समजून घेण्यासारखी आहे. १९८७ मध्ये तैपेईतील सुन यत-सेन स्मारक सभागृहाच्या महिला कर्मचाऱ्यांना असे बजावण्यात आले होते की वयाची तीस वर्षे पूर्ण होताच किंवा गर्भवती राहताच त्यांनी नोकरी सोडली पाहिजे. नोकरीत शिरतानाच तशी अट लिहून घेतली जात असे. ही काही एकाच संस्थेची लहर नव्हती. बँका आणि पतसंस्थांतही लग्न झाल्यावर राजीनामा देण्याची रीत रुळलेली होती. स्त्री संघटनांनी यावर मसुदा तयार केला आणि १९९० मध्ये तो विधिमंडळात पोहोचला, पण तेथे उद्योजकांच्या विरोधामुळे दशकभर पडून राहिला. चेन चू यांच्या काळात तो मार्गी लागला. डिसेंबर २००१ मध्ये कायदा मंजूर झाला आणि ८ मार्च २००२ पासून, महिला दिनाचे औचित्य साधून, अमलात आला. लग्न, गर्भधारणा, बाळंतपण या कारणांवरून काढून टाकण्याची अट करारात लिहिली तरी ती रद्दबातल ठरेल, समान कामाला समान वेतन मिळेल, मासिक पाळीसाठी महिन्यातून एक दिवस रजा घेता येईल, मूल तीन वर्षांचे होईपर्यंत आई किंवा बाप यांना संगोपनासाठी दोन वर्षांपर्यंत बिनपगारी रजा घेता येईल आणि कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ होऊ नये याची जबाबदारी मालकावर राहील, अशा तरतुदी त्यात आल्या. संगोपन रजेचा हक्क आरंभी तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांपुरताच होता, ही त्यातली मोठी उणीव होती. ती पुढे दूर झाली.

कामावर अपघात झालेल्यांच्या संरक्षणाचा कायदा आणि सामूहिक कामगारकपातीविषयीचा कायदा हेही याच काळातले. दुसऱ्या कायद्यातली एक तरतूद मला विशेष महत्त्वाची वाटते. १९९० च्या दशकात तैवानमधील अनेक कापड आणि शिलाई कारखाने एका रात्रीत बंद पडले. मालक यंत्रे विकून परदेशी निघून गेले आणि थकीत पगार मागायला कामगारांनी कोणाकडे जावे, हे सांगणारा कोणी उरला नाही. २००३ च्या कायद्याने मोठी कपात करण्यापूर्वी साठ दिवस आधी सूचना देणे बंधनकारक केलेच, शिवाय पगार किंवा निवृत्तिवेतनाची मोठी रक्कम थकवणाऱ्या मालकाला देश सोडण्यास मनाई करण्याचा अधिकार शासनाला दिला.

परंतु चेन चू यांच्या पाच वर्षांतले सर्वांत दूरगामी काम निवृत्तिवेतनाचे आहे. १९८४ च्या कामगार मानक कायद्यानुसार निवृत्तीची रक्कम कागदावर भरघोस होती. पहिल्या पंधरा वर्षांपैकी प्रत्येक वर्षामागे दोन महिन्यांचा आणि त्यापुढे प्रत्येक वर्षामागे एका महिन्याचा पगार, अशी जास्तीत जास्त पंचेचाळीस महिन्यांची रक्कम कामगाराला मिळायची. मात्र अट अशी होती की त्याने एकाच मालकाकडे पंचवीस वर्षे काम केलेले असावे, किंवा पंधरा वर्षे काम करून वयाची पंचावन्न वर्षे पूर्ण केलेली असावीत. तैवानची अर्थव्यवस्था लहान आणि मध्यम कारखान्यांवर उभी आहे. त्यांतले कित्येक कारखाने पंधरा वर्षे टिकतच नाहीत, आणि जे टिकतात त्यांतले कामगार अधूनमधून नोकरी बदलतात. नोकरी बदलली की जुनी सगळी वर्षे शून्य. काही मालक तर अट पूर्ण होण्याच्या तोंडावर कामगाराला काढून टाकत. सहा-सात कारखान्यांत मिळून तीस वर्षे शिलाई यंत्रावर बसलेली बाई साठाव्या वर्षी रिकाम्या हाताने घरी जात होती, आणि कायद्याच्या दृष्टीने त्यात कोणाचाच अपराध नव्हता.

जून २००४ मध्ये मंजूर झालेल्या आणि १ जुलै २००५ पासून लागू झालेल्या कामगार निवृत्तिवेतन कायद्याने ही रचनाच बदलली. आता मालकाने दरमहा पगाराच्या किमान ६ टक्के रक्कम कामगाराच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात भरायची. हे खाते शासनाच्या कामगार विमा कार्यालयाकडे असते, मालकाकडे नसते. नोकरी बदलली, कारखाना बुडाला, तरी खाते कामगाराबरोबर जाते. कामगाराला स्वतःच्या पगारातूनही ६ टक्क्यांपर्यंत रक्कम भरता येते आणि तेवढ्या रकमेवर त्याला आयकर सवलत मिळते. साठाव्या वर्षी ही रक्कम त्याच्या हाती येते. जुन्या योजनेत असलेल्या कामगारांना नवी योजना निवडण्यासाठी पाच वर्षांची मुदत दिली होती.

या कायद्यावर टीका झाली आणि ती पूर्णपणे निराधार नव्हती. एकाच मोठ्या कंपनीत आयुष्य काढणाऱ्यांना जुनी योजना अधिक फायद्याची होती, आणि मालकाने भरायचे ६ टक्के पगारवाढीतूनच कापले जातील अशी भीती संघटनांना वाटत होती. तरीही, ज्यांना आयुष्यभर काहीच मिळणार नव्हते अशा लक्षावधी कामगारांना हक्काचे काहीतरी मिळू लागले, आणि माझ्या मते हीच गोष्ट निर्णायक आहे.

याच काळात न झालेली एक गोष्टही नोंदवायला हवी. तैवानचे किमान वेतन ऑक्टोबर १९९७ मध्ये मासिक १५,८४० तैवान डॉलर ठरले होते, आणि ते त्यानंतर थेट जुलै २००७ मध्ये वाढले. म्हणजे चेन चू यांच्या संपूर्ण कारकिर्दीत किमान वेतनात एका डॉलरचीही वाढ झाली नाही. २००१ मध्ये तैवानला मंदीचा तडाखा बसला होता आणि बेरोजगारी वाढली होती, हे कारण सांगितले जाते. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांसाठी ते पटण्याजोगे आहे. पुढच्या वर्षांसाठी नाही.

प्रश्न: एवढे कायदे करणाऱ्या मंत्र्यांना राजीनामा का द्यावा लागला?

उत्तर: कारण त्या कायद्यांच्या कक्षेबाहेर राहिलेल्या कामगारांनी बंड केले.

काओशुंगमध्ये तेव्हा मेट्रोचे बांधकाम सुरू होते आणि त्यावर थायलंडहून आलेले सुमारे सतराशे कामगार होते. त्यांची सोय कांगशान येथील वसतिगृहांत केली होती आणि तेथील व्यवस्था एका खासगी व्यवस्थापन कंपनीकडे होती. २१ ऑगस्ट २००५ च्या रात्री या कामगारांचा संयम सुटला. त्यांनी वसतिगृहाच्या इमारती आणि वाहने पेटवून दिली. त्यांच्या मागण्या वाचल्या की परिस्थितीची कल्पना येते. मोबाइल वापरू द्या, ओव्हरटाइमचे सगळे पैसे द्या, आणि हातखर्चाची रक्कम रोख द्या, अशा त्या होत्या. वसतिगृहात त्यांना रोख पैशांऐवजी कूपने दिली जात आणि ती कूपने फक्त तिथल्याच दुकानात, चढ्या भावाने चालत. मायदेशी दलालाला दिलेले शुल्क कर्ज काढून भरलेले असल्यामुळे नोकरी सोडून परत जाणे त्यांना परवडणारे नव्हते, आणि दुसरा मालक शोधण्याची मुभा कायद्याने नव्हती.

चौकशी पुढे सरकली तसे हे प्रकरण राष्ट्राध्यक्षांच्या जुन्या सहकाऱ्यांपर्यंत पोहोचले आणि त्याला भ्रष्टाचाराच्या खटल्याचे रूप आले. चेन चू यांच्यावर वैयक्तिक लाभाचा आरोप नव्हता. तरीही परदेशी कामगारांना परवानगी देणे आणि त्यांच्या राहणीमानावर देखरेख ठेवणे हे त्यांच्याच परिषदेचे काम होते, म्हणून जबाबदारी स्वीकारून त्यांनी पद सोडले. काओशुंगचे प्रभारी महापौर चेन ची-माय यांनीही राजीनामा दिला.

राजीनामा देऊन त्यांनी योग्यच केले, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या स्वतः कधी काळी अशा कोठडीत होत्या की जिथे बाहेरच्या जगाशी बोलण्याची मुभा दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून होती. अशा व्यक्तीच्या हाताखालच्या खात्याने मोबाइलबंदी आणि कूपने यांकडे डोळेझाक करावी, ही चूक केवळ खालच्या अधिकाऱ्यांवर ढकलता येण्यासारखी नव्हती. त्यांच्या परिषदेत कायदे घडवण्याची ताकद होती, परंतु कारखान्यात आणि वसतिगृहात जाऊन तपासणी करणारी यंत्रणा दुबळी होती आणि परदेशी कामगारांचा सगळा व्यवहार दलालांवर सोडून दिलेला होता.

प्रश्न: त्यानंतर त्यांची राजकीय कारकीर्द संपली का?

उत्तर: मुळीच नाही. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २००६ मध्ये, त्या काओशुंगच्या महापौरपदाची निवडणूक अवघ्या १,११४ मतांनी जिंकल्या. प्रतिस्पर्ध्याने निकालाला आव्हान दिले, जिल्हा न्यायालयाने निवडणूक रद्द ठरवली, आणि वरच्या न्यायालयाने नोव्हेंबर २००७ मध्ये तो निर्णय फिरवला. पुढच्या दोन निवडणुका, २०१० आणि २०१४ च्या, त्यांनी मोठ्या फरकाने जिंकल्या. थाई कामगारांनी बांधलेली मेट्रो २००८ मध्ये त्यांच्याच महापौरपदाच्या काळात धावू लागली. जुलै २००९ मध्ये शहराने जागतिक क्रीडास्पर्धा भरवल्या, तर २०१४ मध्ये ३१ जुलैच्या मध्यरात्री भूमिगत वायुवाहिन्यांच्या स्फोटांत बत्तीस जणांचा बळी गेला आणि त्यांच्या प्रशासनावर कठोर टीका झाली.

कामगारांशी संबंधित असे त्या काळातले एक काम मात्र थोडे थांबून सांगावेसे वाटते. काओशुंगच्या बंदरासमोर चीजिन नावाचे बेट आहे. ३ सप्टेंबर १९७३ च्या सकाळी तिथून निर्यात प्रक्रिया क्षेत्रातल्या कारखान्यांकडे निघालेली एक लहान नाव क्षमतेच्या कितीतरी पट माणसे भरल्यामुळे उलटली. पंचवीस जणी बुडाल्या आणि त्या सगळ्या अविवाहित मुली होत्या. अविवाहित मृत मुलीच्या नावाची पाटी माहेरच्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यात ठेवता येत नाही, अशी तिथली रूढी. म्हणून कुटुंबांनी त्यांना एकत्र पुरण्यास संमती दिली. ती जागा ‘पंचवीस कुमारिकांची समाधी’ म्हणून ओळखली जाऊ लागली आणि तिच्याभोवती भुताखेतांच्या कथा रचल्या गेल्या. त्या मुली कामावर जाताना मेल्या, ही गोष्ट त्या कथांत हरवून गेली. स्त्री संघटनांनी दीर्घकाळ पाठपुरावा केल्यानंतर चेन चू यांच्या महापालिकेने २००८ मध्ये त्या जागेचे नूतनीकरण करून तिला श्रमिक स्त्रियांचे स्मारक उद्यान असे नाव दिले. शहरात कामगार संग्रहालयही त्यांच्याच काळात उभे राहिले.

एप्रिल २०१८ मध्ये त्या राष्ट्राध्यक्ष त्साई इंग-वेन यांच्या महासचिव झाल्या आणि ऑगस्ट २०२० मध्ये नियंत्रण युआन या शासनावर देखरेख ठेवणाऱ्या घटनात्मक संस्थेच्या अध्यक्षा. त्या नेमणुकीला कुओमिंतांगने विधिमंडळाचे सभागृह अडवून विरोध केला होता. त्यांनी पद स्वीकारले त्याच दिवशी या संस्थेअंतर्गत स्थापन झालेल्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

प्रश्न: त्यांनी आणलेल्या निवृत्तिवेतन कायद्याचा लाभ तैवानमध्ये काम करणाऱ्या परदेशी कामगारांना मिळतो का?

उत्तर: नाही. नवी योजना मुळात तैवानच्या नागरिकांसाठी होती. नंतर ती तैवानी नागरिकांच्या परदेशी जोडीदारांना आणि २०१९ मध्ये कायम निवासाचा परवाना असलेल्यांना खुली झाली. कारखान्यात काम करणारा व्हिएतनामी, इंडोनेशियन किंवा थाई कामगार आजही १९८४ च्या जुन्या योजनेतच गणला जातो, तर घरात राहून वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या परदेशी स्त्रियांना कामगार मानक कायदाच लागू नाही, त्यामुळे त्यांना तीही योजना नाही.

जुन्या योजनेची अट वर सांगितलीच आहे: एकाच मालकाकडे पंधरा वर्षे आणि वय पंचावन्न, किंवा पंचवीस वर्षे. २००९ पासून त्यात एकाच मालकाकडे दहा वर्षे आणि वय साठ, असा आणखी एक पर्याय आला. आता कारखान्यातल्या परदेशी कामगाराला साधारण परवान्यावर तैवानमध्ये एकूण बारा वर्षेच काम करता येते. म्हणजे पंधरा किंवा पंचवीस वर्षांची अट त्याच्यासाठी मुळातच अशक्य आहे, आणि तिसऱ्या पर्यायासाठी त्याने पन्नाशीच्या आसपास तैवानला येऊन सलग दहा वर्षे एकाच मालकाकडे टिकून राहायला हवे. ज्या अन्यायाविरुद्ध चेन चू यांनी २००४ मध्ये कायदा केला, तो तैवानी कामगारांपुरता दूर झाला. परदेशी कामगारांच्या वाट्याला तो तसाच राहिला आहे. तैवानला जाण्याच्या विचारात असलेल्या आपल्याकडील तरुणांनी पगाराचा आकडा पाहताना निवृत्तीचा हा रकाना रिकामा असतो हे गृहीत धरावे, आणि दलालाचे शुल्क किती, ते कोण भरणार आणि मालक बदलता येतो का, याची उत्तरे करारात लिखित स्वरूपात मागावीत.